हयातीचा दाखला

हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत रांगेत बसलो होतो. दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे असं सिद्ध करावं लागतं. हातातल्या वर्तमानपत्रात बातमी होती की, परदेशातलं एक गुप्तहेर खातं आयुष्य वाढवण्याच्या संशोधनात पैसा घालतंय.

वाटलं, घालू दे. आपल्याला कुणाच्या पैशाने का होईना, औषध सापडल्याशी मतलब. शिवाय अशा संशोधनाला लागतात तितकी वर्षं वाट बघायचा धीर सरकारी तिजोरीलाच असतो.

माझ्या पुढे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक आयाबाई होत्या. यंत्रावर त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना.

"आजी, अंगठा केसांवरून फिरवा. तेल लागलं की घेतं," कारकून म्हणाला.

बाईंनी फिरवला, पुन्हा दाबला. "जन्मभर फिनेलात हात घातलेत बाबा. रेघा कुठनं राहणार?"

"मग उद्या या."

बाई समोर उभ्या होत्या, बोलत होत्या, तरी जिवंत ठरल्या नाहीत. मला ती बातमी नकोशी झाली. लोकांवर पाळत ठेवणारी खाती जे शोधतील ते आधी कुलपात ठेवतील. त्यातून कधीकाळी आमच्यापर्यंत काही पोचलंच, तर ते याच खिडकीतून येईल. आमचे फक्त नोव्हेंबर वाढतील.

"चला, पुढचे कोण?"

मी उठलो आणि अंगठा डोक्यावरून फिरवला. टक्कल कोरडं ठणठणीत होतं.