यादीतलं तिसरं नाव

आमच्या ह्यांना सगळे 'शिडी' म्हणतात. एक तर ताडमाड उंची, आणि वर खांद्याला कायम शिडी. घरोघरी इंटरनेट बसवायचं आणि टीव्ही त्याला जोडून द्यायचा, हे ह्यांचं काम. बावीस वर्षं झाली. आधी केबलच्या वायरी ओढायचे, मग वायरी गेल्या आणि भिंतीवर राउटरचा डबा आला, पण शिडी काही सुटली नाही. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही, ते तुम्हाला कोणीही सांगेल. पण ह्यांच्या हाताला सफाई आहे, ती आहेच.

बाकीचे लोक नवा डबा बसवतात आणि त्याला नवं नाव, नवा पासवर्ड देऊन मोकळे होतात. मग घरातला एकेक फोन नव्याने जोडत बसा. टीव्हीच्या रिमोटने पासवर्ड घालणं म्हणजे तर शिक्षाच, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे जुन्या डब्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्याला द्यायचे. मग घरातली यंत्रं मुकाट्याने येऊन जोडली जायची. "घराला पत्ताच लागत नाही काही बदललं म्हणून," असं मिशीतल्या मिशीत हसून सांगायचे. आणि निघताना आपल्या फोनवर यादी उघडून दाखवायचे, बघा, तुमच्या घरातलं काय काय जोडलं गेलंय. लोक खूश व्हायचे. ह्या दोन सवयींनीच एका घरात घात केला.

पुढचं सगळं मी ह्यांच्याकडून आठवडाभर खोदून खोदून काढलंय. सरळ सांगतील तर शप्पथ.

तिसरा मजला, अरुंद जिना, घरात दोघंच म्हातारा-म्हातारी. ते घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, ते विकलं आणि आता घरातल्याच एका खोलीत टेबल मांडून बसायचे. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. परगावच्या मुलीने मोठा टीव्ही पाठवला होता, नातवंडं आजी-आजोबांना मोठी दिसावीत म्हणून. टीव्ही भिंतीला लागला, पण घरात इंटरनेट नव्हतं. पूर्वी होतं, ते दोन वर्षांमागे बंद केलेलं.

का बंद केलं ते बाईंनी आपणहून सांगितलं. धाकटा मुलगा, त्याला घरात बारक्या म्हणायचे, एका दुपारी बापाशी भांडून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तो म्हणाला, मी दुकानात बसणार नाही. बाप म्हणाला, मग ह्या घरातही राहू नकोस. भांडण म्हणाल तर एवढंच. पोलिसांनी शोधलं, नातेवाइकांनी शोधलं. फोन लावला तर बंद.

"पण फोन घेऊन गेलाय तो," बाई ह्यांना म्हणाल्या. "जिवाचं बरंवाईट करणारा माणूस फोन कशाला नेईल हो? कुठेतरी आहे. राग उतरला की येईल."

रोज दुपारी जेवण झालं की त्या बारक्याला एक संदेश लिहायच्या. कुठे आहेस. जेवलास का. बाबा काही बोलणार नाहीत. पोचल्याची खूण एकदाही आली नव्हती. दाराला दिवसा कडी घालत नव्हत्या. दोन वर्षं त्या बाईंचा जीव त्या एका फोनवर टांगलेला होता.

ह्यांनी जुना डबा मागितला. बाईंनी तो कपाटातून काढला, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. डब्याखाली चिठ्ठी चिकटवलेली, बारक्याच्या अक्षरात. नाव 'टिकटिक', आणि पासवर्ड म्हणजे बाईंची जन्मतारीख उलटी.

"हेच ठेवतो," हे म्हणाले. "म्हणजे जुनं सगळं आपोआप जोडलं जाईल."

बाईंचा हात थांबला. "त्याचा फोनसुद्धा?"

"जाईल की."

"म्हणजे तो आला, दारात उभा राहिला, तर..."

"दारात कशाला, जिन्यात असला तरी जोडला जाईल," हे बोलून बसले. बोलून बसले हो! एरवी ह्या माणसाला दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा जीभ हलते, आणि त्या दिवशी नेमकी हलली.

घड्याळजी तेव्हा कामाच्या खोलीत होते, दार आतून बंद. दुपारचा तो एक तास त्यांना हाक मारलेली चालत नाही, असं बाई म्हणाल्या. ह्यांनी रिमोट घेऊन एकेक अक्षर घातलं. टीव्हीवर गोल फिरलं, थांबलं, आणि रंग आले. बाईंनी आनंदाने टाळीच वाजवली. मग रिमोट त्यांच्या हातात देऊन सवयीप्रमाणे ह्यांनी यादी उघडून त्यांच्यापुढे धरली.

"बघा बाई. एक, टीव्ही. दोन, तुमचा फोन. घड्याळजींचा बटणांचा आहे, तो ह्यात येत नाही."

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत खाली तिसरी ओळ उमटली. 'बारक्याचा फोन.'

बाई किंचाळल्या नाहीत, काही नाही. रिमोट खुर्चीवर ठेवला आणि अनवाणीच जिन्याकडे धावल्या. हे सांगतात, "पासष्टीची बाई, पण मला आडवं जायलासुद्धा वेळ मिळाला नाही." कठड्यावरून ओणवून त्या खाली हाका मारत होत्या. "वर ये रे. कोणी काही बोलणार नाही. वर ये." जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि मिटून घेतलं.

आणि हे टीव्हीपुढे उभे, पाचावर धारण बसलेली. यादीत प्रत्येक नावापुढे बारीक रेघा असतात, यंत्र जवळ आहे की लांब ते सांगणाऱ्या. टीव्हीपुढच्या रेघा पूर्ण भरलेल्या होत्या. आणि बारक्याच्या नावापुढच्याही. जिन्यातून एवढ्या भरत नाहीत. तो फोन घरातच होता.

तेवढ्यात शीळ वाजली.

दोन सूर, दुसरा चढा. तरण्या मुलाची शीळ, कामाच्या खोलीच्या बंद दारामागून. मग पुन्हा. मग पुन्हा. बारक्याने संदेश आला की वाजायला स्वतःचीच शीळ फोनमध्ये भरून ठेवली होती, हे ह्यांना मागाहून कळलं. दोन वर्षांचे बाईंचे संदेश इंटरनेट मिळताच एकामागोमाग पोचायला लागले होते. कुठे आहेस, शीळ. जेवलास का, शीळ. आत टेबलावरून काहीतरी बारीक बारीक सांडलं. शीळ मध्येच दबायची, कुणी उशीखाली घातल्यासारखी, पण थांबायची म्हणून नाही.

ह्यांनी त्या क्षणी राउटरची वायर उपटायची की नाही? मी त्यावरून महिनाभर बोलले. "हातच उचलला नाही गं," म्हणतात. "त्या मुलाच्या तोंडावर हात ठेवायचा कसा?"

बाई जिन्यातून आत आल्या. शिळेच्या आवाजाकडे सरळ चालत गेल्या आणि दारावर तळवा टेकून म्हणाल्या, "दार उघडा."

घड्याळजींनी दार उघडलं. फोन दोन्ही हातांत धरलेला, चिमणीचं पिल्लू धरावं तसा.

"कुठे सापडला?"

"तलावाच्या पायरीवर. त्याच संध्याकाळी. चपलांच्या शेजारी."

"चपला कुठे आहेत?"

"पाण्यात सोडल्या. फोन सोडवेना."

घड्याळं उघडायच्या सुईने त्यांनी त्यातलं सिमकार्ड काढून टाकलं होतं, म्हणून तो नंबर कायम बंद लागायचा. रोज दुपारी तो तासभर ते फोन चालू करायचे आणि आवाज अगदी बारीक करून त्यात भरून ठेवलेलं पोराचं बोलणं ऐकायचे. पण संदेशाच्या शिळेचा आवाज फोनमध्ये वेगळा कमी करावा लागतो, तो बारीक करायचा राहिला होता. दोन वर्षांत कधी वाजलीच नव्हती ती.

"आणि मी दोन वर्षं काय करत होते?" बाईंनी विचारलं.

"तू वाट बघत होतीस," घड्याळजी म्हणाले. "तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे म्हटलं."

हे तिथून निघाले ते शिडी तिथेच विसरून. बावीस वर्षांत जी वस्तू खांद्यावरून उतरली नाही ती कुणाच्या तरी बोळात ठेवून रिकाम्या हातांनी घरी आले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी भयंकर झालंय.

परत आणायलाही गेले नाहीत, नवी विकत घेतली. कानाला खडा लावला, कुणाला जुनं नाव ठेवू द्यायचं नाही. यादी उघडायची झाली की आधी घरातल्या माणसांची मोजदाद करायचे, मग उघडायचे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. मी चिडायचे, "अहो, डाळ शिजतेय!" पण खरं सांगते, एकदा दुपारी रस्त्यावरून कोणीतरी शीळ घालत गेलं आणि माझ्याच हातून पेला सुटला. मी ती शीळ कधी ऐकलीसुद्धा नव्हती.

सहा महिन्यांनी घड्याळजींचा फोन आला. टीव्ही चालतोय, म्हणाले, पण डब्याचं नाव बदलून द्या. ह्यांचा चेहरा बघूनच मी पायांत चपला सरकवल्या. म्हटलं, मी येतेय, एकट्याने जायचं नाही.

दाराला आता आतून कडी होती. बोळात ह्यांची शिडी उभी होती, पुसून स्वच्छ ठेवलेली. बाई दवाखान्यात गेल्या होत्या.

"रोज लिहिते ती अजून," घड्याळजी खाली बघत म्हणाले. "जेवण झालं की लिहिते, आणि आत शीळ वाजते. मी तिथे बसलेला असतो, हे तिला ठाऊक असतं."

"मग फोन बंद करून ठेवा ना," मी म्हटलं. मला कुठे राहवतंय.

"बंद करायचा नाही असं बजावलंय तिने. आवाजही कमी करायचा नाही." त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "नाव बदललं की तो जोडला जाणार नाही ना? मला सोसत नाही हो आता."

गिऱ्हाईक ते, काम ह्यांचं. ह्यांनी नाव बदललं. काय ठेवू विचारलं तर घड्याळजी म्हणाले, काहीही, 'घर' ठेवा. नवा पासवर्ड कागदावर लिहून ह्यांनी टीव्ही जोडला. खोलीत काही वाजलं नाही. घड्याळजींचे खांदे खाली आले. मलाही, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

बाई आल्या. मला बघून हसल्या, पाणी दिलं, माझ्याच शेजारी बसल्या आणि पिशवीतून फोन काढला. सावकाश लिहिलं. 'जेवलास का.' मला शेजारून दिसलं. लिहून झालं आणि त्या आतल्या खोलीकडे कान देऊन बसल्या.

शेवटी पुन्हा फोनकडे बघितलं.

"पोचत नाहीये," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर ह्यांच्या हातातल्या कागदावर गेली, टीव्हीवर गेली, आणि नवऱ्यावर येऊन थांबली. "काय केलंत?"

"नाव बदललं," घड्याळजी म्हणाले.

मला वाटलं, आता ही बाई फुटणार. मी उठणार होते, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. बाईंचा आवाज अजिबात चढला नाही.

"एकदा घराबाहेर काढलंत त्याला," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा काढलंत?"

घड्याळजी उठले. आत गेले, बारक्याचा फोन घेऊन आले आणि बाईंच्या पायाशी, जमिनीवरच बसले. "वाचा," म्हणाले. ह्यांच्या हातातला नव्या पासवर्डचा कागद मी ओढून घेतला. मी एकेक अक्षर वाचत गेले आणि ते घालत गेले. केसाएवढे स्क्रू बसवणारी ती बोटं, पण एकदा चुकली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आणि शीळ वाजली. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर. दोन सूर, दुसरा चढा.

घड्याळजींनी मान खाली घातली, पण फोन हातातून ठेवला नाही. बाईंनी पोचल्याची खूण नीट बघितली.

"आला घरात," त्या म्हणाल्या.