रुपीबाईचा चुडा

डॉक्टर धर्मपाल मनवरांना लग्नाला सहसा कोणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर पंगतीत शेजारी बसत नाही. लोकांचा तरी काय दोष म्हणा! महागावकडच्या त्या सरकारी दवाखान्यात ताप-खोकला बघणारे डॉक्टर दुसरेही आहेत. पण संशयाचं मरण आलं, की मागच्या अंगाला निंबाखाली असलेल्या पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीचं दार उघडायचं ते मनवरसाहेबांनीच. विहिरीत सापडलेला, झाडाला लटकलेला, रोडच्या कडेला पडलेला, सगळे त्यांच्याच टेबलावर. सकाळी सकाळी ते समोरून आले तर काही शहाणे रस्ता बदलतात. बरं, तेच शहाणे घरात काही विपरीत झालं की 'साहेब, तुमीच पाहा' म्हणत हात जोडून उभे!

माणूस मूळचा नेरचा. पंचेचाळिशीचा, अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. समोरच्याच्या मनाला लागेल म्हणून शब्द गिळायचा, हे त्यांना कधी जमलंच नाही. एका बापानं रडत विचारलं होतं, "पोराले लय तरास झाला का जी?" तर हे म्हणाले, "झाला." एवढंच. बाप मटकन खाली बसला. आई मथुराबाईंच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या लेकावर अशा भडकल्या की विचारू नका. "काळीज हाय का धोंडा हाय रे तुह्या छातीत?"

आता याला कारण होतं. धाकटा भाऊ संघदीप विहिरीत सापडला, तेव्हा धर्मपाल डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. कागदावर आलं, 'बुडून मृत्यू'. अरे, विहिरीत सापडलेला माणूस बुडून मेला हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पाय घसरला, उडी मारली, का कोणी ढकलला, ते कोणी बघायच्या भानगडीतच पडलं नाही. नातेवाइकांनी समजूत घातली, 'घसरला असंल'. मथुराबाईंनी ती धरून ठेवली आणि दिवस काढले. यांना मात्र ती पचली नाही. झोप उडाली, जेवण कमी झालं, आणि दोनदा आंघोळ करूनही हाताला वास येतो म्हणून हात हुंगत बसायची खोड लागली. टेबलावरच्या माणसाशी बोलायची सवयही तेव्हाचीच. हत्यार लावण्याआधी वयाप्रमाणे 'बाबा', 'माय', 'पोरा' अशी हाक मारतात आणि म्हणतात, "काय झालं ते सांग. मी लिहितो."

रुपीबाई आली ती पोळ्याच्या तोंडावर, श्रावण संपत आला असताना. बंजारा तांड्यातली म्हातारी. अंगावर फेटिया-कांचळी, म्हणजे आरशांचा घागरा नि चोळी, आणि दोन्ही दंडांवर कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांचा चुडा. असं सगळं लेणं मिरवणारी तांड्यात ती एकटीच उरली होती, सुना-नाती केव्हाच साडीत आणि ड्रेसात गेल्या. पहाटे तिच्या पोटात कळ आली, ओकाऱ्या झाल्या, आणि उजाडता उजाडता खेळ संपला. सोबत नवरा खेमसिंग होता. शेजारच्या तांड्यात दिलेली लेक सोनीबाई 'याडी, माही याडी' करत आईसाठी ऊर बडवत होती. आणि पोलिसांच्या गाडीत मागच्या बाकावर बसवलेली होती सून ममता. तिची अंगावर पिणारी लेक शेजारणीकडं ठेवलेली. नवरा राजकुमार पुण्याला कंपनीत, तो तिकडून निघाला होता, पण यायला संध्याकाळ होणार होती.

"सरळ केस हाय, साहेब," जमादार म्हणाला. "रातचा सैपाक सुनेचा. दोघीइचं पटत नव्हतं. राती भांडन झालं, सून वरडली, 'मर मंग तिथंच!' शेजाऱ्यानं कानानं आयकलं. घरात फवारनीच्या औषधाची अर्धी बाटली भेटली. आंगावर जखम नाई. आता तुमी विष लिहा, की हिले आत टाकतो."

"अर्धी बाटली कपाशीवाल्या कोन्या घरी नसते, ते सांगा मले," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

"माय, सांग काय झालं ते." त्यांनी पाय पाहिले, पोटऱ्या, पाठ, मान, बोटांच्या बेचक्यासुद्धा पाहिल्या. काही नाही. पोट उघडलं, तर फवारणीच्या औषधाचा तो उग्र दर्प नाही, साधं भाकर-बेसन. पण वास नाही म्हणजे विष नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही. नमुने तपासणीला जाणार, उत्तर यायला महिने लागणार, आणि तोवर ती पोरगी तुरुंगात. तिचं लेकरू कोणाच्या अंगावर पिणार?

मदतनीस अमरला टाके घालायला सांगून डॉक्टर हात धुऊन बाहेर आले आणि थेट गाडीपाशी गेले. "ममता, पहाटे काय झालं? पयलेपासून सांग."

ममताचे डोळे रडून सुजले होते. "बुढीनं उठवलं मले. म्हने पोट लय दुखून राह्यलं. मंग वकली. म्या म्हनलं दवाखान्यात नेऊ, बादलचा आटो घरापाशीच उभा राह्यते. मामाजी म्हनले, बेसन बाधलं, ओवा दे. म्या देल्ला. मंग पुन्हा म्हनलं. पाया पडली त्याइच्या. तं म्हनले, उजाडू दे. मंग बुढीचे डोळेच उघडेनात, साहेब. जागी होती, बोलत होती, पन पापन्या वर उचलत नव्हत्या. मंग बोलनंही बंद झालं."

डॉक्टर एकदम ताठ झाले. "झोपली कुठं होती?"

"खालीच. तेच तं भांडन होतं!" ममता हुंदके द्यायला लागली. "पान्यापावसाचं खाली किडूक-मिडूक निंगते, बाजीवर झोप, असं म्या रोज सांगो. बुढी म्हने बाजीवर कंबर दुखते. राती माह्या डोक्शात राग गेला, अन् म्हनलं, मर मंग तिथंच."

डॉक्टरांनी वळून खेमसिंगकडं पाहिलं. म्हातारा भिंतीला टेकून सकाळपासून गप्प. सून दवाखान्यात न्या म्हणत होती, एवढं एक वाक्य त्यानं पोलिसांपुढं उच्चारलं असतं तर पोरगी या गाडीत नसती. डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी खूण सापडायला हवी होती.

मण्यार! ती रात्री जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. चावली तरी डास चावल्याएवढंच कळतं, कधी तेवढंही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटतात, मग श्वास अडतो. बघणाऱ्याला वाटावं, विषच खाल्लं. सगळं जुळत होतं, पण दात कुठं लागले? सगळं अंग तर पाहिलं होतं.

सगळं? खरंच सगळं? डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. चुडा! नवरा जिवंत असेपर्यंत चुड्याला हात लावायचा नाही, अशी तांड्याची रीत. पंचनाम्याच्या बायकांनी तो हलवला नाही, जमादारानं जोर केला नाही, 'जखम नाही' लिहून सगळे मोकळे. आणि आपले डॉक्टर? एवढे चिकित्सक, पण तेही त्या पांढऱ्या बांगड्यांचा मान राखून पुढं गेले होते.

चुड्याचं नाव काढताच खेमसिंग दारात आडवा आला. "मी मेलो का साहेब? माह्या जिवंतपनी तिचा चुडा उतरवता?"

कायद्यानं कोणाला विचारायची गरजच नव्हती. अमरनं तर कापायची कात्रीही काढून ठेवली होती. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवायला लावली.

"उतरवत नाई, बाबा. एक बांगडी फुटनार नाई. वर सरकवायच्या, पाहायचं, पुन्हा होत्या तशा. अन् माह्या हातानं नाई, तुमच्या लेकीच्या हातानं."

म्हातारा बाजूला झाला. रुपीबाईला गळ्यापर्यंत चादर घातली, एकेक हात तेवढा बाहेर काढला. सोनीबाईनं दंडाला खोबरेल लावलं आणि रडत रडत बांगड्या वर सारायला लागली. डाव्या दंडावर काही नव्हतं. उजव्या दंडावर कोपराच्या जरा वर तिचा हात थांबला. सुई टोचल्यासारखे दोन ठिपके, जवळजवळ. म्हातारीचा दंड वाळलेला, चुडा सैल. हात उशाला घेऊन झोपली की बांगड्या खांद्याकडं जायच्या, सरळ केला की खाली येऊन सगळं झाकायच्या.

"हे काय हाय, साहेब?"

"मण्यार चावली."

"मंग वहिनीनं..."

"वहिनीनं काईच केलं नाई. तुह्या मायले बाजीवर झोपवासाठी ते रोज भांडून राह्यली होती."

सोनीबाईनं आईचा हात दोन्ही हातांत धरला. मग एकेक बांगडी खाली आणून तिनं चुडा होता तसा केला.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "मण्यार चावून मेली. कोनंच काई देल्लं नाई." जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि ममताला खाली उतरवलं. सोनीबाई तिच्यापर्यंत गेली. ती तिच्या पायाशी मातीतच बसली. ममताही खाली बसली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

तेव्हा खेमसिंग पुढं आला. "साहेब, पोट दुखल्याबरोबर अथी दवाखान्यात आनली असती तं?"

सापाच्या विषावरचं औषध त्याच दवाखान्यात, समोरच्या खोलीत होतं. बहुतेक वाचली असती. डॉक्टरांना ते माहीत होतं, त्यांचा रागही अजून उतरला नव्हता, आणि खरं ते तोंडावर सांगायला हा माणूस कधी कचरलेला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"नसती वाचली, मामाजी." ममता डोळे पुसत मधेच म्हणाली. "चावली तवाच जहर चढलं होतं. आनूनही काई झालं नसतं. मघाशी साहेबानंच सांगतलं मले."

डॉक्टरांनी तिला असलं काहीएक सांगितलं नव्हतं.

खेमसिंग त्यांच्याकडं वळला. "खरं का जी?"

ज्या पोरीला या म्हाताऱ्याच्या गप्प राहण्यानं तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं होतं, ती डॉक्टरांकडं एकटक बघत होती. ती विनवत नव्हती, दटावत होती.

"खरं हाय, बाबा," धर्मपाल म्हणाले. "नसती वाचली."

म्हातारा सकाळपासून पहिल्यांदा रडला. ममतानं उठून त्याला धरलं, नाहीतर तो तिथंच पडला असता.