मूळ नक्षत्रावरची नात

माझ्या अकोल्याच्या घरमालकांइतका पंचांगाच्या धाकात राहिलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. एकोणीसशे साठच्या आसपास जुन्या शहरात त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहत होतो. तिथी, नक्षत्रं त्यांना तोंडपाठ. मंगळवारी दाढी नाही, अमावास्येला प्रवास नाही, आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, म्हणून त्या दिशेला पाऊल नाही. फारच नड असली तर आदल्या दिवशी मुहूर्तावर सुपारी बांधलेलं उपरणं माझ्या खोलीत आणून ठेवत. याला प्रस्थान म्हणायचं. ‘मास्तर, मी धामणगावले गेलो म्हणून समजा,’ असं बजावून हा ‘गेलेला’ गृहस्थ खाली स्वतःच्याच ओट्यावर बसे, आणि कोणी हाक मारली तर ‘घरी नाही’ अशी हातानेच खूण करी.

धामणगावला त्यांची एकुलती एक मुलगी दिलेली होती. पहिल्या बाळंतपणाला तिला आणायचं होतं. पण कधी दिवस बरा नव्हता, कधी महिनाच अधिक निघाला, आणि ती सासरीच राहिली.

एका शनिवारी तार आली. ती वाचून ते तसेच अनवाणी स्टेशनाकडे निघाले. त्यांच्या चपला हातात घेऊन मी मागे धावलो. वार कोणता, हे मी बोललो नाही, त्यांनीही नाही.

पोचलो तेव्हा मुलगी गेली होती. कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली नात रडत होती, आणि तिला कोणी उचलत नव्हतं. मुलीची सासू म्हणाली, ‘पोरगी मुळावर जन्मली, इवाई. आल्या आल्या मायले खाल्लं. तुमाले त सारं समजते. सांगा, काल मूळच व्हतं ना?’

मूळच होतं. आदल्या दिवशी मी बाज विकत घ्यायला निघालो, तेव्हा ‘आज मूळ हाय’ म्हणून त्यांनीच मला परत फिरवलं होतं.

ते नातीकडे पाहत राहिले. ‘मले याद नाही,’ म्हणाले. मग वाकून त्यांनी तिला उचललं. ‘तुमाले नको असन त मी नेतो.’

कोणी अडवलं नाही.

परतीच्या गाडीत पोरीने भुकेने आकांत मांडला. तान्हं मूल घेऊन बडनेऱ्याला चढलेली एक बाई म्हणाली, ‘आना इकडं, बाबा,’ आणि तिने तिला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. घरमालक उठून, पाठ करून दाराशी उभे राहिले. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती.

‘लेकीले पहिलेच घरी आनायले पाहिजे व्हतं, मास्तर,’ एवढंच ते बोलले. मूर्तिजापूर गेलं तरी वळले नाहीत.