उघडा पंजा, बंद मूठ

साहेबांनी हेडसेट माझ्या डोक्यावरून ओढून काढला. मागितला नाही. ओढला. वायर कानाला घासत गेली. मी विमानाच्या पुढच्या चाकापाशी उभा होतो. भोवती सामान चढवणारे, झाडणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवाला. ड्युटी मॅनेजर साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही खेडवळ बोली कॅप्टनच्या कानात घालू नकोस. हातवारे कर. गावाकडं ढोरं हाकतोस ना? तसे."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला साहेबांच्या शब्दांपेक्षा जास्त वाटते.

माझा गुन्हा काय, ते सांगतो. प्रवासी बसले की विमान मागे ढकलावं लागतं. एक लोखंडी दांडा पुढच्या चाकाला जोडतात आणि ट्रॅक्टर ढकलतो. वैमानिकाला मागचं काही दिसत नाही. म्हणून एक माणूस हेडसेटची वायर विमानाला जोडून सोबत चालतो आणि खालचं सगळं वर सांगतो. हे काम मी बारा वर्षं केलं. त्या दिवशी जेवणाची गाडी अचानक मागे घुसली. मी ओरडलो, "थांबा! सायेब, थांबा!" इंग्रजी शब्द तोंडात आलाच नाही. ट्रॅक्टर थांबला. गाडीतला माणूस वाचला. कॅप्टनने तक्रार केली की खालचा माणूस नीट बोलत नाही.

मी साखऱ्याचा. सेनगाव तालुका. नोकरीसाठी विमानतळाच्या शहरात आलो, इंग्रजीची नेमकी चौदा वाक्यं पाठ केली आणि त्यांच्यावर बारा वर्षं काढली. पंधरावं वाक्य लागलं तेव्हा आईची भाषा तोंडात आली. ती चूक ठरली.

दुसऱ्या दिवसापासून हेडसेट साहेबांच्या कपाटात. इंग्रजी बोलणारा कुणी पाळीवर असला तर त्याला मिळायचा. नसला की मी, हातवाऱ्यांवर. नियम असा की हेडसेट बिघडला तरच खुणांवर काम करायचं. आमचा बिघडला नव्हता. मला ठाऊक होतं. मी तक्रार लिहिली नाही. पोरींची शाळा, खोलीचं भाडं, वय सेहेचाळीस. या तीन कारणांनी मी तोंड बंद ठेवलं.

खुणा सोप्या आहेत. वैमानिकाने उघडा पंजा दाखवून मूठ आवळली म्हणजे ब्रेक लागला. मूठ उघडली म्हणजे सुटला. ब्रेक लागल्याची खात्री झाली तरच दांडा सोडायचा. हेडसेट असला तर वरून आवाज येतो, खात्री होते. खुणेत फक्त डोळा.

उन्हाळ्यातली दुपार होती. विमान ढकलून झालं. कॉकपिटची काच उन्हाने पेटल्यासारखी चमकत होती. मागून साहेब ओरडत होते, "चल, उशीर होतोय!" काचेमागे हात हलला. मला मूठ दिसली. खरं लिहायचं तर, मला ती दिसायला हवी होती म्हणून दिसली. चाकापाशी काशिनाथ वाकलेला होता. माझा जोडीदार, वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा. मी त्याला म्हणालो, "काढ."

त्याने दांडा काढला. वैमानिक उन्हाचा पडदा ओढत होता, हे नंतर कळलं. ब्रेक लागलेला नव्हता. विमान हातभर सरकलं. चाक काशिनाथच्या पावलावर आलं.

अर्धं पाऊल कापावं लागलं.

मी रजा टाकून साखऱ्याला आलो. पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. "फॅमिलीला घेऊन औंढ्याला दर्शनाला येतोय. तिथं ये. एक सही आहे."

मंदिराबाहेरच्या हॉटेलात ते बसले होते. कपाळाला गंध, टेबलावर प्रसादाची पुडी. पुडीशेजारी अपघाताच्या चौकशीत द्यायचा कागद. काशिनाथने खूण मिळण्याआधीच मनाने दांडा काढला, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव, साक्षीदार म्हणून.

"वाच आणि कर सही," साहेब म्हणाले. "तुझ्यावर काहीच येत नाही."

"अन् हेडसेट?"

"नादुरुस्त होता. तेही लिहिलंय."

"नादुरुस्त न्हवता सायेब. तुमच्या कपाटात होता."

"हळू बोल. काढ म्हणून कोण म्हणालं? तू. मी तोंड उघडलं तर पहिला तू जाशील. चहा घे."

चहा समोर आला. मी कागदाकडे बघत बसलो. सही केली तर काशिनाथ कायमचा दोषी. नाही केली तर मी. साहेब दोन्हीकडून मोकळे. सापळा नीट लावला होता. त्यांच्या हिशेबात एकच गोष्ट आली नव्हती. मी दोषी होतोच. ते मान्य केलं की मला धरून ठेवायला त्यांच्याकडे काही उरत नव्हतं.

मी म्हणालो, "काढ मीच म्हणलो. ते मीच लिहून देतो. बाकीचंबी लिहितो."

"कशात लिहिणार? चौकशीची माणसं बाहेरची आहेत. मराठी कोण वाचणार तुझी?" ते हसले.

मी हसलो नाही. उठलो. चहा तसाच राहिला.

तिथून जीपने हट्ट्याला गेलो. दवाखान्यातून घरी आलेला काशिनाथ बाजेवर होता, पाय उशीवर. "ये दादा, बस," तो म्हणाला. मी बसलो नाही.

"काशिनाथ, मला मूठ दिसली न्हवती. मी अंदाजानं काढ म्हणलो."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, इतके दिस काहून सांगितलं न्हाई?"



काशिनाथ बोलला. "मला वाटून राहिलं होतं, माझंच काही चुकलं. तू काढ म्हणलास का मला भास झाला, तेच आठवून राहिलो रोज." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगून काय व्हतंय आता? जा, तिथं सांग."

सोमवारी चौकशी आहे. तीन पानं लिहून तयार आहेत. पहिल्या ओळीत माझी चूक. दुसऱ्या ओळीत साहेबांचं कपाट. नोकरी जाईल, शिक्षाही होईल. होऊ द्या. पण काशिनाथचा पाय काशिनाथच्या नावावर मांडू देणार नाही. आणि पानं वाचून दाखवणार आहे मराठीत, जशी मला येते तशी. ज्याला कळणार नाही, त्याने दुभाष्या आणावा. तो येईपर्यंत मी तिथेच बसून राहीन.