रेक्टरबाईंची किळस

रेक्टरबाईंना किळस यायची ती आपल्याला येते तशी नाही. आपण नाकाला पदर लावतो, पुढे जातो आणि विसरतो. बाई विसरत नसत. परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात मी राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. मोरीतून काढलेला केसांचा ओला गुंता चिमटीत धरून आम्हा सगळ्याजणींना विचारत होत्या, "हा कुणाच्या डोक्याचा?" सगळ्या एकमेकींच्या वेण्यांकडे बघू लागल्या. "बरं. मग हा उद्यापर्यंत इथं खिळ्याला टांगते. जिचे केस तिला ओळखू येतील." तो गुंता खरोखर टांगला गेला. पुन्हा त्या मोरीत केस अडकलेले मी पाहिले नाहीत.

त्यांची खरी किळस मात्र प्रवासातली होती. स्टँडवरचे, धाब्यामागचे, मंगल कार्यालयातले संडास हा विषय निघाला की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "फरशीवर पाय कुठं ठेवावा ते कळत नाही. दाराला कडी नाही. बादलीत मगाऐवजी फुटका डबा. आणि बाहेर बसलेला माणूस वर पैसे मागायला तयार!" परगावी जायचं तर त्या आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करत. एकदा पुण्याच्या गाडीत त्यांना त्यापायी चक्कर आली. तेव्हापासून त्यांनी परभणीबाहेर जाणंच सोडलं. भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. सख्खी बहीण त्यावरून जी रुसली ती रुसलीच.

निवृत्त झाल्यावर बाईंनी एका शाळेची जुनी बसगाडी विकत घेतली. आतली बाकडी काढून टाकली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला गॅसचा ओटा, आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्याची बंद खोली, तिच्यात कमोड, खाली टाकी. सुतार आणि फॅब्रिकेशनवाला दोघंही हसायला लागले.

"बाई, गाडीत संडास? लोकं हसतेत की."

"हसू द्या. हसणारे रस्त्याच्या कडेला कुठंही उभे राहतात. मला तसं जमत नाही."

मी तोवर पूर्णा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका झाले होते. मला गाडी चालवता येत होती, आणि सुट्टीत मला ओढून न्यायला बाईंना कारण लागत नसे. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी कोकणात कोलाडला राफ्टिंगच्या कॅम्पवर कामाला होती. तिच्या आग्रहानं आम्ही पहिल्यांदा गेलो. सकाळी धरणातून पाणी सोडतात, नदी भरून येते आणि रबराच्या फुगवलेल्या होड्या त्या लाटांत घालतात. बाईंनी आयुष्यभर आमची गोदावरी पाहिलेली. हिरवं साचलेलं पाणी, जलपर्णी, देवांचे फुटके फोटो, निर्माल्यासकट फेकलेल्या पिशव्या. पाय तळाला लागला की अंगावर काटा येतो. इथं पाणी थंड होतं, धावत होतं आणि तळाचे दगड दिसत होते. बाई लाइफ जॅकेट घालून पार पुढे बसल्या. सगळे किंचाळत होते, त्या ओठ घट्ट मिटून वल्हं मारत होत्या. काठाला लागल्यावर निथळत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वास नाही. कशाचाच वास नाही." त्यानंतर दरवर्षी त्या कोलाडला जाऊ लागल्या.

इंजिनावर मात्र त्यांचं प्रेम कधी बसलं नाही. गाडी जुनी, घाट आला की तापायची. मी बॉनेट उघडायची, बाई रबरी हातमोजे चढवून, तोंडाला रुमाल बांधून रेडिएटरमध्ये पाणी ओतायच्या. पट्टा तुटला, डिझेलमध्ये कचरा आला, नळी फुटली, काही झालं तरी त्या ज्या नजरेनं मोरीकडे बघायच्या त्याच नजरेनं इंजिनाकडे बघायच्या. "हे लय घाणेरडं यंत्र आहे, मीने. आत काय बिघडलंय ते धूर निघेपर्यंत सांगत नाही."

एका हिवाळ्यात तो धूर निघाला. नगर मागे टाकून आम्ही पुढे आलो होतो, दोन्ही बाजूंना ऊस. मागून पांढराफटक धूर यायला लागला आणि गाडीनं दम सोडला. मी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ चहासारखा चिकट फेस. बाईंनी एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. जवळच्या गावातला मिस्त्री आला. "हेडचं पॅकिंग गेलं. पाणी तेलात मिसळलंय. हेड उतरवून तालुक्याला न्यावं लागेल. दोन दिवस तरी धरा."

आम्ही थांबलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या होत्या. पाचटाचं छप्पर, वर फाटकं प्लॅस्टिक. बैलांचं मूत, चिखल, माश्या. वारा फिरला की वास थेट गाडीत यायचा. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि उदबत्ती पेटवली. "माणसं राहतात होय इथं? शी!"

दुपारी एक म्हातारी पाणी मागायला आली. बोलण्यावरून मी ओळखलं, आमच्याच भागातली.

"कुठल्या वं तुमी?" तिनंच आधी विचारलं.

"परभणीच्या."

"मंग आमच्याच की! आमी जिंतूरकडच्या. सून तापानं फणफणायलीय, कपाळावर पट्टी ठिवायला जरा गार पानी पायजे."

बाई हातमोजे घालूनच कोपीत वाकून शिरल्या. शारदा नावाची ती सून पोट आवळून पडली होती. बाईंनी तिला पाण्याचा ग्लास दिला. तिनं ओठ मिटून घेतले.

"अगं पी. ताप आहे ना?"

"नगं बाई. पानी पिलं की जावं लागतंय. दिसाउजेडी कुठं जावं? चारी अंगानं गडीमानसं. पहाटं उसाच्या फडात जातो आमी, मंग दिवसभर न्हाई."

बाई ग्लास हातात तसाच धरून बाहेर आल्या. मला वाटलं, वासानं मळमळलं असेल. त्या गाडीपाशी गेल्या, मागचं दार सताड उघडलं आणि म्हातारीला म्हणाल्या, "सुनेला घेऊन या. मग बाकीच्यांना बोलवा."

त्या संध्याकाळी फडावरून परतलेल्या बायका एकेक करून गाडीत चढल्या. आधी लाजत, मग रांगेनं. आतून कडी लागल्याचा आवाज यायचा आणि बराच वेळ कुणी बाहेर यायचं नाही. कुणी घाईही करत नव्हतं. बाहेर पडताना प्रत्येकीनं मागं पाणी ओतलं होतं. बाई दर वेळी आत जाऊन बघून येत होत्या. "वसतिगृहातल्या पोरींपेक्षा स्वच्छ आहेत," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली. बांधाच्या पलीकडे खड्डा खणून ती रिकामी करायची होती. नळ उघडला तसा जो भपकारा आला, त्यानं मी बांधावर बसून भडाभडा ओकले. बाईंचाही चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी कोप्यांमधल्या चुलीतली राख खड्ड्यात ओतली आणि मला म्हणाल्या, "झालं ओकून? मग ये आता, ही बाजू धर. किळस आली म्हणून काम सुटत नसतं."

शारदाचा ताप मात्र उतरेना. ती थरथरत होती, कंबर धरून कण्हत होती. संध्याकाळी बाईंनी टोळी कामाला आणणाऱ्या मुकादमाला बोलावून घेतलं. तो जीपला टेकून उभा, तोंडात पुडी.

"दवाखान्यात न्यायला पाहिजे हिला. जीप काढा."

"हंगामाचं दुखणं हाय बाई, सगळ्याच बायांना होतं. गोळी दिलीय. तुमी तुमचं इंजन बघा."

"इंजिनाला मिस्त्री आहे. हिला कोण आहे?"

तो बाजूला थुंकला. पिंक बाईंच्या पायाजवळ पडली. आता भडका उडणार असं मला वाटलं, कारण असल्या गोष्टीसाठी बाईंनी मोठमोठ्या माणसांना वसतिगृहाच्या फाटकाबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. बाईंनी पायाकडे बघितलंही नाही. त्या जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. "मी इथून उठत नाही. मला उचलून बाहेर टाका, नाहीतर गाडी चालू करा." टोळीतल्या बायका कोयते हातात घेऊन कोप्यांबाहेर आल्या. मुकादमानं चावी फिरवली.

डॉक्टर म्हणाले, लघवी दाबून दाबून आत जंतू वाढलेत. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर आलं असतं. शारदाला सलाईन लावलं. बाई तिच्या उशाशी बसल्या आणि तिला घोट घोट पाणी पाजत राहिल्या. दवाखान्याचा संडासही घाणच होता. तो त्यांनी आधी स्वतः धुतला, मग शारदाला आत नेलं.

गाडी दुरुस्त झाली, शारदाही कोपीवर परतली. आता कोलाड गाठायचंच असं ठरवून आम्ही निघालो. सकाळी होडीत बसलो. पाणी नेहमीसारखंच गार, नितळ. अर्ध्या वाटेत बाईंनी वल्हं आत घेतलं.

"काय झालं?"

"त्या कोप्यांचा वास यायलाय मला."

मी ओंजळ भरून हुंगली. पाण्याला कसलाच वास नव्हता. पण बाईंनी काठापर्यंत रुमाल नाकावरून काढला नाही. त्यानंतर त्या कधी राफ्टिंगला गेल्या नाहीत.

गाडी मात्र दर हिवाळ्यात निघायची. टोळी असेल त्या फडाच्या कडेला बाई ती माझ्याकडून लावून घ्यायच्या आणि अंगात ताकद होती तोवर हंगामभर तिथंच राहायच्या. परभणीतले लोक हसले. बहिणीनं इतक्या वर्षांनी फोन केला आणि विचारलं, "माझ्या लेकीच्या लग्नाला नाही आलीस, आणि तिथं बरी राहतेस?" बाई म्हणाल्या, "तू पण ये. चुकले असेन तर तिथंच भांड." बहीण खरंच गेली होती, आठ दिवस राहिली होती.

गेल्या श्रावणात बाई गेल्या. झोपेतच.

त्यानंतरची गोष्ट. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तासाला पोट धरून बसली होती. मी तिला बाहेर घेऊन आले आणि मुलींच्या संडासाकडे बघितलं. कुलूप. ते कुलूप मी रोज बघत होते. चावी हेडसरांच्या कपाटात असते, तपासणीला साहेब आले की उघडतात. "पोरी घाण करतात" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी मैदानातला दगड उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला ते तुटलं. आत कबुतरांची घाण साचलेली, मोडकी बाकडी कोंबलेली, भिंतीवर ओलीची बुरशी, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास.

हेडसर धावत आले. "मॅडम, हे काय करायलात? उद्यापासून हे साफ कोण करणार?"

"उद्याचं उद्या बघू, सर. आज तुम्ही आणि मी."

त्यांनी आत डोकावून पाहिलं, नाक दाबलं, मागं सरले. वर्गांच्या खिडक्यांत पोरी गोळा झाल्या होत्या. मी पदर खोचला आणि पहिलं बाकडं ओढून बाहेर काढलं. सरांनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात ठेवलं.