मिठाची जागा

आख्ख्या चेन्नईत तुमच्या धाकट्या आजोबांइतकं उष्ट्याला भिणारं माणूस दुसरं नसेल. मरणालाही ते इतके भीत नाहीत, हे मी या वर्षी पाहिलं. धाकटे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे भाऊ. वेस्ट मांबलमला आमच्या वरच्याच मजल्यावर एकटे राहतात आणि दुपारी जेवायला माझ्याकडे उतरतात. तंजावरकडच्या आपल्या घरांत सोवळंओवळं होतंच, पण यांनी त्याचं शास्त्र केलं. पाणी ओठ न लावता वरून ओतायचं, चालत्या बसमध्येसुद्धा, आणि शेजारचा भिजला की त्यालाच सरकून बसायला सांगायचं. जेवायला रोज केळीचं पान. "ताटाला कालचं जेवण आठवतं, वैनी," असं त्यांचं म्हणणं. आणि पानात वाढलेलं काहीही टाकायचं नाही. एग्मोरच्या एका लग्नात पुलावातली दालचिनीची काडी ते शांतपणे चावत बसले होते. पंगत उठली, हॉलवाला दिवे मालवू लागला, तरी काडी चालूच. "वाढलं ते अन्न," एवढंच मला म्हणाले.

मग मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांना सुईची काळजी नव्हती. त्यांनी नर्सला विचारलं, "अम्मा, रक्त बाहेर फिरून परत आत येतं, ते एच्चिल होत नाही का?" एच्चिल म्हणजे उष्टं. ती म्हणाली, "सार, जाताना मळकं जातं, येताना धुऊन येतं." तेव्हापासून डायलिसिस म्हणजे रक्ताचं स्नान ठरलं आणि ते त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

तरी दर महिन्याच्या तपासणीत रक्तातलं फॉस्फरस वाढतच होतं. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, की जेवणातलं फॉस्फरस किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते साठतं, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हाडं पोकळ होतात आणि ते कॅल्शियम रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतं. आम्हाला ते दिसत होतंच. अंगाची खाज त्यांना झोपू देत नव्हती, आणि पोंगलला साधी बादली उचलताना मनगट मोडलं. "जेवणातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्यात, त्या घेत नाहीत हे," बाई म्हणाल्या. भावजींनी रिकाम्या पट्ट्यांची पिशवीच टेबलावर ओतली. बाईंनी गोळ्या वाढवल्या. पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. त्या दिवशी त्यांना बाहेर बसवून बाई मला हळूच म्हणाल्या, "झडप कडक होत चाललीय. हे खाली आलं नाही, तर पुढची दिवाळी मी धरून चालणार नाही."

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"दही कमी करा म्हणाली."

"एवढ्यासाठी मला बाहेर बसवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले, तर स्नान करून, ओल्या पंचाने पूर्वेकडे तोंड करून, ते दिवसभराच्या गोळ्या तीर्थासारख्या घेत होते. सगळ्या, रिकाम्या पोटी.

"भावजी, या जेवताना घ्यायच्या असतात. पोटात अन्नच नसेल तर गोळी धरणार काय?"

"जेवताना उजवा हात उष्टा. उष्ट्या हाताने डबी धरू?"

"डाव्या हाताने घ्या."

"डाव्या हाताने तोंडात घालू? वैनी, मी आजारी आहे, वेडा नाही."

मी चिडले, विनवलं, बाईंशी फोनवर बोलायला लावलं. त्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. "जन्मभर मोडलं नाही, ते आता जाताना मोडू?" म्हणजे दह्याची थाप त्यांना पहिल्यापासून कळली होती. मी जिना उतरले आणि स्वयंपाकाला लागले.

पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात, हे तुम्हाला आठवत असेल. डॉक्टरांनी मीठ तोडल्यावरही भावजी ती जागा मोकळी सोडायला लावत. त्या दुपारी मी पान मांडलं, पाणी शिंपडलं, आणि मिठाच्या जागी गोळी ठेवली. मग भात वाढला. ते येऊन बसले. त्या जागेकडे त्यांची नजर गेली. मी हातातली पळी खाली ठेवली नाही.

"हे कोणी वाढलं?"

"मी."

"भाताच्या आधी?"

"मीठ भाताच्या आधीच वाढतात."

त्यांनी भात कालवला, चार घास खाल्ले. मग उजव्या हाताने गोळी उचलली, तोंडात टाकली आणि वरून पाणी ओतलं. "चव नाही तुमच्या मिठाला," म्हणाले.

या महिन्यात फॉस्फरस पहिल्यांदा खाली आलं. झडपेवर जे बसलं ते निघणार नाही, हे बाईंनी या वेळी त्यांच्यासमोरच सांगितलं. हाडं मात्र थोडा धीर धरतील. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. रोज दुपारी मी समोर बसते, तुमच्याबद्दल बोलते, शोळिंगनल्लूरच्या ट्रॅफिकबद्दल बोलते, आणि नजर पानाच्या त्या कोपऱ्यावर असते. तो रिकामा झाला की मग मी स्वतःला वाढून घेते.

इकडे जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला मिटतात. या घरी पुन्हा जेवायला येऊ, असा त्याचा अर्थ. काल त्यांनी पान मिटलं, पण हात त्यावरच ठेवून बसले.

"उद्या काय करताय, वैनी?"

"पडवळाची भाजी."

"शरि," म्हणजे बरं, एवढं म्हणाले, आणि कठडा धरून सावकाश जिना चढू लागले. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी होते.