उस्मानभाईंचं कबूतर

जामबागेतल्या तारामतीबाई पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसल्या. पिनकोडचा एक आकडा चुकला तरी पाकीट परत करायच्या, समोरच्याने कितीही गयावया केली तरी. आपण नियमाने वागतो याचा त्यांना मनातून अभिमान होता. निवृत्त झाल्यावर त्यांच्या भाचीने, शर्वरीने, त्यांना छोटा ड्रोन आणून दिला आणि बजावलं, "मावशी, गच्चीवरून अजिबात नको. मोकळ्या मैदानातच, तेही ॲपवर परवानगी बघून. आणि नजरेआड जाऊ द्यायचा नाही."

चार रविवार दोघी शहराबाहेरच्या मैदानात गेल्या. आधी पाती तपासायची, बॅटरी आणि वारा बघायचा, डोक्यापेक्षा थोडा वर ड्रोन स्थिर धरायचा आणि हळूच उतरवायचा. पाचव्या रविवारी शर्वरीला जमलं नाही. बाईंना धीर धरवेना. पाच मिनिटांत काय होतंय, असं म्हणत त्या गच्चीवर चढल्या.

ड्रोन सुलतान बाजाराकडे निघाला. मोबाइलवर कापडदुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या रांगा दिसू लागल्या आणि बाई त्यातच गुंगल्या. मान वर केली तर ड्रोन कुठेच दिसेना. घाबरून त्यांनी परत बोलावण्याचं बटण दाबलं. नेमका तेव्हाच पलीकडच्या तिसऱ्या इमारतीवरून शेजारी उस्मानभाईंच्या पाळलेल्या कबुतरांचा थवा उठला. मोबाइलवरचं चित्र गरकन फिरलं आणि काळं झालं.

अर्ध्या तासाने उस्मानभाई ड्रोन हातात घेऊन दारोदार विचारत आले. ते शिवणकाम करायचे, बोलायचे कमी. एका कबुतराचा पंख मोडलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. मागे जिन्यात शेजारपाजारची माणसं जमली होती.

"आमच्याकडे असलं काही नाही, भाई," बाई म्हणाल्या.

"हौ बाई," म्हणून ते पुढच्या दाराशी गेले. दार लावून बाई वळल्या, तर ड्रोनचा रिमोट समोर टेबलावरच पडलेला.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शर्वरीचा फोन आला तेव्हा वाऱ्याने ड्रोन पडला म्हणून सांगितलं. एका खोट्यावर दुसरं चढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उस्मानभाईंच्या गच्चीवर गेल्या. ते मांडीवर कबूतर घेऊन त्याला दाणे भरवत होते. पंखाला चिटाच्या चिंधीची पट्टी बांधलेली होती.

"तो ड्रोन माझा होता," बाई कशाबशा म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

उस्मानभाईंनी वर पाहिलं नाही. "मालूम था बाई. पीछे टेबल पो रिमोट दिखा. इत्ते सालां के पड़ोसी, दस लोगां के सामने क्या बोलना बोलके चुप रहा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. ज्यांच्याशी आपण खोटं बोललो, त्यांनीच आपली अब्रू राखली होती. मग उस्मानभाईंनी दाण्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

पंधरा दिवस बाई रोज सकाळी तिथे गेल्या. कबूतर वाचलं, पण पुन्हा उडालं नाही. शर्वरीलाही त्यांनी खरं सांगितलं. उस्मानभाईंनी परत दिलेला ड्रोन तिने दुरुस्तीला नेला.

दोन महिन्यांनी दुरुस्त केलेला ड्रोन घेऊन दोघी पुन्हा मैदानात गेल्या. बाईंनी सगळं दोनदोनदा तपासलं. ड्रोन वर चढला, स्थिर झाला, तोच दूरवर बगळ्यांची रांग दिसली. बाईंनी लगेच तो खाली उतरवला.

"मावशी, ते कितीतरी लांब आहेत," शर्वरी म्हणाली.

"असू देत. जाऊ दे त्यांना," बाई म्हणाल्या आणि बगळे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या.